मशिदीचे कागद व्हॉट्सअॅपवर: कुठे कुलूप लावायचं, कुठे शिक्का मारायचा?

'उम्मीद' पोर्टल ६ जून २०२५ ला सुरू झालं आणि देशभरातल्या वक्फ मालमत्तांची माहिती सहा महिन्यांत त्यावर चढवण्याचा हुकूम निघाला. मुदत वाढवून मिळावी म्हणून पक्षकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १ डिसेंबर २०२५ ला न्यायालयाने सरसकट वाढ द्यायला नकार दिला आणि ज्याची अडचण असेल त्याने वक्फ न्यायाधिकरणाकडे जावं, असं सांगितलं. ६ डिसेंबरला खिडकी बंद झाली तेव्हा केंद्र सरकारच्याच आकड्यांप्रमाणे ५ लाख १७ हजार मालमत्तांची नोंद सुरू झालेली होती. त्यातल्या २ लाख १७ हजारांच्या आसपास मंजूर झाल्या, २ लाख १४ हजार मंजुरीच्या रांगेत राहिल्या आणि जवळपास ११ हजार पडताळणीत नाकारल्या गेल्या. महाराष्ट्रातून ६२,९३९ मालमत्ता चढल्या.

या आकड्यांवर पुष्कळ लिहून झालंय, कायद्यावर त्याहून जास्त. आम्हाला बोलायचं आहे ते या धावपळीनंतर मागे उरलेल्या फायलींबद्दल. सहा महिने मशिदी, दर्गे, कब्रस्तानं आणि मदरशांचे कागद स्कॅन होऊन या फोनवरून त्या फोनवर गेले. वक्फनामा, सातबारा, फेरफार, सिटी सर्व्हेचा उतारा, धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणीचा दाखला, घरपट्टीची पावती. त्याच्याच मागोमाग मुतवल्लीचं आधार, विश्वस्तांचं पॅन, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान. सगळं एकाच गठ्ठ्यात, एकाच ग्रुपवर, आणि बऱ्याचदा एकाच पीडीएफमध्ये.

आता हे कागद नेमके कुणाकुणाकडे आहेत, हे कुठल्या जमातीला सांगता येईल? फॉर्म भरून देणाऱ्या पोराकडे आहेत. झेरॉक्सवाल्याच्या फोनमध्ये आहेत, कारण हल्ली दुकानात कागद न्यायची गरजच नाही, "नंबरवर पाठवा, प्रिंट काढून ठेवतो" असं तोच सांगतो. ग्रुपमधल्या दीडशे माणसांकडे आहेत. त्यातले दहा-बारा गाव सोडून गेलेत, दोघा-तिघांचे नंबर बंद होऊन दुसऱ्याच कुणाला मिळालेत.

पालघर जिल्ह्यात याचं वजन जरा जास्त आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांनी पालघरला येऊन वाढवण बंदराची पायाभरणी केली. ७६ हजार कोटींच्या वरचा प्रकल्प आहे. बुलेट ट्रेनचं स्टेशन बोईसरला येतंय, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग आणि बडोद्याकडचा द्रुतगती महामार्ग याच जिल्ह्यातून जातो. तारापूरची औद्योगिक वसाहत आणि अणुवीज केंद्र तर कित्येक दशकांचे. एडवणला समुद्र, वाडी आणि मासळी. स्टेशन सफाळ्याचं, आणि जिल्ह्याचं कार्यालय पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावला. या किनारपट्टीत जमिनीचा एक गुंठा म्हणजे आज काय, हे वेगळं सांगायला नको. जिथे जमिनीला भाव चढतो तिथे कागदाला हात लागतो, हा सगळीकडचा अनुभव.

म्हणून लोक विचारतात, पीडीएफला पासवर्ड टाकून दिला तर? कॉपी, प्रिंट आणि बदल, तिन्ही बंद करता येतात म्हणे. करता येतात. पण त्याचा अर्थ काय, तो आधी नीट समजून घेतला पाहिजे.

पीडीएफमध्ये दोन तऱ्हेचे पासवर्ड असतात. एक फाईल उघडायलाच लागतो. तो नसेल तर आतलं काहीच दिसत नाही, मजकूर खरोखरच गुंतागुंतीच्या सांकेतिक रूपात बंद असतो. पासवर्ड लांबलचक आणि अंदाज न येणारा असेल तर हे कुलूप मजबूत. दुसरा पासवर्ड परवानग्यांचा. फाईल कुणीही उघडून वाचावी, पण छापू नये, मजकूर उचलू नये, बदलू नये, अशा खुणा त्यात घालता येतात. गंमत अशी की या खुणा पाळायच्या की नाही, हे फाईल उघडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या हातात असतं. ज्या अडोबी कंपनीने पीडीएफ काढलं, तिचं स्वतःचं सॉफ्टवेअर असा पासवर्ड लावतानाच बजावतं की आमची उत्पादनं हे निर्बंध पाळतील, बाकीच्या कंपन्यांची सगळी पाळतीलच असं नाही. फाईल वाचता येते म्हणजे आतला मजकूर उलगडलेला आहेच. मग 'छापू नका' ही फक्त विनंती उरते. दाराला कुलूप, पण किल्ली चौकटीवरच ठेवलेली. असली बंधनं काढून देणाऱ्या फुकट वेबसाईट शेकड्यांनी आहेत, आणि त्यांच्यावर आपली फाईल चढवणं म्हणजे अजून एका अनोळखी ठिकाणी प्रत ठेवून येणं.

हा झगडा जुना आहे. २००१ च्या जुलैत दिमित्री स्क्ल्यारोव्ह नावाच्या रशियन प्रोग्रामरला अमेरिकेत लास व्हेगासला अटक झाली होती. त्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर अडोबीच्या ई-पुस्तकांवरची कॉपी आणि छपाईची बंधनं काढायचं. जगभर ओरड झाली, आणि २००२ च्या डिसेंबरात ज्यूरीने त्या कंपनीला निर्दोष ठरवलं. तेव्हापासून आजपर्यंत कुलपं सुधारली, पण मूळ अडचण जागेवरच आहे: जे डोळ्याला दिसतं ते कॅमेऱ्यालाही दिसतं.

गूगल ड्राइव्हवर फाईल ठेवून 'फक्त बघा' अशी लिंक देता येते, डाउनलोड, प्रिंट आणि कॉपीचा पर्यायही काढून टाकता येतो. चांगली सोय आहे. उद्या लिंक बंद करायची तर करता येते, हा तिचा खरा फायदा. पण समोरच्याने स्क्रीनशॉट घेतला, किंवा दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढला, तर ती काय करणार? व्हॉट्सअॅपवर 'एकदाच पाहा' असा फोटो पाठवता येतो, त्याचा स्क्रीनशॉट अॅप अडवतं. दुसऱ्या फोनचा कॅमेरा तेही अडवू शकत नाही. तेव्हा कॉपी होऊ नये म्हणून लावलेली ही सगळी कुलपं सरळ माणसाला थोडं थांबवतात. ज्याच्या मनात काही आहे त्याला नाही. थोडं थांबवण्यालाही किंमत असते, पण त्या भरवशावर झोपू नये.

इथे आमचं म्हणणं मांडतो. जमातीच्या त्या गठ्ठ्यात दोन अगदी वेगळ्या जातीचे कागद एकत्र बांधलेत आणि दोघांना एकच इलाज शोधला जातोय. मालमत्तेचा कागद आणि माणसाच्या ओळखीचा कागद. पहिल्याची कॉपी झाली म्हणून काही बिघडत नाही, उलट जितक्या जास्त ठिकाणी प्रत तितकं बरं. त्याला धोका आहे तो हरवण्याचा आणि बदलला जाण्याचा. दुसऱ्याची प्रत जितकी कमी फिरेल तितकं बरं, कारण त्याची प्रत म्हणजेच हत्यार. आज होतंय उलटं. वक्फनाम्याला पासवर्ड लावून ट्रस्टी तो छातीशी धरून बसतात, आणि आधार मात्र ग्रुपवर मोकळं पडलेलं.

आधी मालमत्तेच्या कागदांचं बघू. कोकणपट्टीतल्या जमातींचे कागद एका जागी नाहीत, कधीच नव्हते. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळ २००२ साली अस्तित्वात आलं. त्याआधी या भागातल्या मशिदी-दर्ग्यांचे ट्रस्ट १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले, 'बी' अक्षराने सुरू होणाऱ्या नोंदणी क्रमांकाखाली. मग ते मंडळाकडे गेले की नाही, जायला हवे होते की नाही, यावर वर्षानुवर्षं कोर्टबाजी चालली. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक मुस्लिम सार्वजनिक ट्रस्ट आपोआप वक्फ ठरत नाही. म्हणजे एकाच मशिदीचा एक कागद आयुक्तांच्या दप्तरात, दुसरा छत्रपती संभाजीनगरला पाणचक्कीजवळच्या मंडळात, तिसरा तलाठ्याकडे, चौथा भूमी अभिलेखमध्ये आणि पाचवा कुणाच्या तरी आजोबांच्या ट्रंकेत. त्यातले जुने कुठे मोडीत, कुठे उर्दूत, कुठे फारसीत.

त्यात गावाचं नाव एकच राहिलं तरी वरचं सगळं बदलत गेलं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्याआधीचा एडवणचा कुठलाही सरकारी कागद 'जिल्हा ठाणे' म्हणतो. आणखी मागे, एकोणिसाव्या शतकातल्या दप्तरात हा भाग ठाणे जिल्ह्याच्या माहीम तालुक्यात येतो. हे माहीम म्हणजे केळव्याजवळचं, मुंबईचं नव्हे! कुणी तरुण ऑपरेटर संगणकावर बसून जुन्या दस्तातलं 'माहीम' वाचतो आणि शहाणपणा करून मुंबई लिहून टाकतो, किंवा ठाण्याच्या जागी स्वतःच पालघर करून टाकतो. हेतू वाईट नसतो. पण मूळ कागद एक म्हणतो आणि चढवलेली माहिती दुसरंच, असा विरोध तिथेच तयार होतो. पोर्टलवर मुतवल्ली भरणार, मंडळ तपासणार आणि सरकारने नेमलेला अधिकारी मंजूर करणार, अशी तीन पायऱ्यांची पद्धत आहे. विसंगती शोधणं हेच तिसऱ्या पायरीवरच्या माणसाचं काम. जुन्या कागदावरचं नाव जसंच्या तसं ठेवावं आणि जिल्हा का बदलला ते वेगळ्या पानावर लिहून जोडावं. स्कॅनवर काहीही 'दुरुस्त' करू नये, डाग पुसण्यासाठीसुद्धा नाही.

कायद्यातला एक बदल इथे लक्षात ठेवायला हवा. ८ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने 'वापरातून वक्फ' ही संकल्पना पुढच्यासाठी काढून टाकली आहे. १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशात सर्वोच्च न्यायालयाने काही तरतुदी थांबवल्या, पण नोंदणीची अट थांबवली नाही. पूर्वी चार म्हाताऱ्यांनी "आमच्या आज्यापासून इथेच नमाज होते" म्हटलं की त्याला वजन असायचं. आता वजन कागदाला. आणि कागदाला वजन आलं की कागद बनवणारेही येतात.

पुणे जिल्ह्यातल्या माणचं प्रकरण आठवून पाहा. मुळशी तालुक्यात आयटी पार्कसाठी वक्फची साडेपाच हेक्टरच्या आसपास जमीन संपादित झाली. तिचा ७ कोटी ७६ लाखांचा मोबदला वक्फ मंडळाचं बनावट ना-हरकत पत्र दाखवून उचलला गेला, असा गुन्हा २०२१ मध्ये पुण्यात नोंदला गेला आणि मग सक्तवसुली संचालनालयानेही छापे घातले. कोर्टात काय ठरायचं ते ठरेल. आम्हाला त्यातून एवढंच घ्यायचंय की तक्रारीप्रमाणे तिथे मूळ कागद चोरीला गेलेला नव्हता, कुणी कुलूपही फोडलं नव्हतं. समोर आलेल्या पत्राची खातरजमा मंडळाकडे वेळेवर झाली असती तर पैसा हलला नसता. मोबदल्याचे धनादेश पालघर जिल्ह्यातही निघताहेत आणि पुढची काही वर्षं निघत राहणार आहेत.

तर मालमत्तेच्या कागदाला हवा आहे शिक्का, म्हणजे बदल झाला तर तो पकडता येईल अशी खूण. ती दोन प्रकारे मिळते.

एक, डिजिटल सही. महाराष्ट्रात १५ रुपये भरून महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा काढता येतो आणि तो कायदेशीर कामाला चालतो, तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज राहत नाही. या फाईलमध्ये एक अक्षर बदललं तरी सही तुटल्याचं अॅक्रोबॅट दाखवतं. पण लोक करतात काय, तर डिजिटल सातबारा, आधार आणि वीजबिल एकत्र जोडून एक पीडीएफ करतात, मग "साईज कमी कर रे" म्हणून ती दाबतात. जोडल्यावर किंवा दाबल्यावर सही मरते. वर दिसणारं हिरवं चित्र तसंच राहतं, पण ते आता नुसतंच चित्र. डिजिटल सहीची फाईल आली तशीच, सुटी, नाव न बदलता जपून ठेवावी. जोडायची असेल तर तिची दुसरी प्रत जोडावी. प्रिंटवर पडताळणीचा क्रमांक असतो, त्यावरून समोरच्यालाही तपासता येतं. कुणी सातबारा दाखवून व्यवहाराची घाई करत असेल तर त्याच्या कागदाकडे न बघता १५ रुपये खर्चून स्वतः नवा काढावा. यापेक्षा स्वस्त वकील पालघरमध्ये मिळायचा नाही.

दुसरा प्रकार जुन्या दस्तांसाठी, ज्यांच्यावर कुणाची डिजिटल सही असणं शक्य नाही. प्रत्येक फाईलची गणिताने एक ठसा-संख्या काढता येते. तिला हॅश म्हणतात. 'शा-२५६' या पद्धतीने ती ६४ अक्षर-अंकांची येते. फाईलमध्ये एक टिंब इकडचं तिकडे झालं तरी सगळी संख्या बदलते, आणि संख्येवरून फाईल बनवता येत नाही. विंडोजच्या संगणकात ती काढायची सोय आधीपासून असते, वेगळं काही विकत घ्यायला लागत नाही. हे फार तांत्रिक वाटेल, पण आता ते कायद्यात आलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅशचा रकाना आहे. एक भाग पक्षकाराने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने.

जमातीला यात काय करता येईल? एका जुम्म्यानंतर विश्वस्तांनी बसावं. मूळ कागद चांगल्या स्कॅनरवर, रंगीत, मागची कोरी बाजूसुद्धा धरून स्कॅन करावेत. प्रत्येक फाईलची हॅश काढावी आणि ती ठरावाच्या बुकात शाईने लिहावी: अमुक तारखेला, अमुक दस्ताची, अमुक पानांची फाईल, तिची संख्या ही, हजर माणसांच्या सह्या. इतिवृत्ताचं बुक आपल्याकडे आधीपासून आहे, त्याला कोर्ट ओळखतं. पाच वर्षांनी कुणी वेगळीच फाईल घेऊन उभा राहिला तर बुक उघडून संख्या जुळवायची. जुळली नाही तर ती आपली फाईल नव्हे. याने मूळ दस्त खरा ठरत नाही, हे मात्र ध्यानात असावं. अमुक दिवशी आपल्या हाती जे होतं ते हेच, एवढंच यातून सिद्ध होतं. भांडणात पुष्कळदा तेवढंच लागतं.

मग त्या फायलींच्या प्रती वाटाव्यात, कंजुषी न करता. एक पेन ड्राइव्ह मुतवल्लीकडे, एक वकिलाकडे, एक शेजारच्या गावच्या जमातीकडे, एक मुंबईला राहणाऱ्या कुणा जबाबदार माणसाकडे. किनाऱ्याच्या गावात कागदाला दमट हवा खाते, वाळवी खाते. मूळ कागद गेला तरी सगळ्या प्रती एकदम जाऊ नयेत. एक खबरदारी घ्यावी: व्हॉट्सअॅपवर पाठवताना 'फोटो' म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावं. फोटो म्हणून गेलेलं चित्र अॅप दाबून लहान करतं, मोडीतल्या बारीक रेघा पुसट होतात, आणि हॅश तर बदलतेच.

बऱ्याच ट्रस्टींना ही कल्पना आवडणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. कागद उघड केले की "लोक हिशेब विचारतात" ही त्यांची खरी भीती असते. ती भीती पासवर्डमागे लपवता येते. पण वक्फ म्हणजे अमानत, आणि अमानतीचा कागद जमातीने बघितला म्हणून अमानत कमी होत नाही. उलट ज्या गावात पन्नास जणांनी वक्फनामा वाचलेला आहे तिथे एक्कावन्नावा माणूस सर्व्हे नंबर फिरवून आणेल तर पहिल्या दिवशीच पकडला जाईल.

आता दुसरी जात, ओळखीचे कागद. इथे आमचा सूर बदलतो.

२०२४ च्या नोव्हेंबरात, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, मालेगावचं प्रकरण देशभर गाजलं. बाजार समितीत नोकरी लावतो म्हणून काही तरुणांकडून आधार-पॅन घेतलं गेलं, त्यांच्या नावाने एका सहकारी बँकेच्या शाखेत खाती उघडली गेली आणि त्या खात्यांतून शंभर कोटींच्या वरची रक्कम फिरली, असं तक्रारीत आणि तपासात पुढे आलं. टीव्हीवर त्याला काय काय नावं दिली गेली ते सगळ्यांनी ऐकलं. त्या गदारोळात मूळ गोष्ट बाजूलाच पडली: ज्या पोरांच्या नावावर हे कोटी दिसले त्यांनी फक्त कागदांच्या प्रती दिल्या होत्या. त्या प्रती कशासाठी आहेत, हे त्यांच्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

आधारच्या झेरॉक्सबद्दल सरकार एकदा बोललं होतं. २७ मे २०२२ ला आधार प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या कार्यालयाने सांगितलं की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, शेवटचे चारच अंक दिसणारं 'मास्क्ड' आधार द्या, सायबर कॅफेच्या संगणकावर ई-आधार उतरवलं तर पुसून टाका. लोक घाबरले, आणि दोनच दिवसांत, २९ मे रोजी, गैरसमज होतोय म्हणून ती सूचना मागे घेतली गेली. सूचना गेली, सल्ला मात्र योग्यच होता. मास्क्ड आधार प्राधिकरणाच्याच संकेतस्थळावर आजही फुकट मिळतं. आमच्या अनुभवात शाळा, हॉटेल, सोसायटी, सिमकार्डवाला यांतल्या निम्म्यांना ते चालतं, उरलेले कुरकुरतात. कुरकुरणाऱ्याला "कोणत्या नियमाने पूर्ण आकडा हवा, लिहून द्या" म्हटलं की सहसा चालून जातं.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून ते सुरक्षित आहे, असं मानणारेही भेटतात. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं साल. ज्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे हा पासवर्ड म्हणजे दारावरची पाटीच झाली.

ज्याची प्रत द्यावीच लागते तिच्यावर कारण लिहावं. छापील झेरॉक्सवर पेनाने आडवं, चेहऱ्यावरून आणि आकड्यावरून जाईल असं: 'फक्त अमुक ट्रस्टच्या वक्फ नोंदणीसाठी', तारीख, सही. फाईल असेल तर हेच वाक्य पानभर फिकट अक्षरांत छापून मग ते पान चित्र म्हणून पाठवावं, म्हणजे वरचं वाक्य उचलून बाजूला काढणं सोपं जात नाही. अशक्य नाही, पण ज्याला सोपं सावज हवंय तो दुसरीकडे जातो. झेरॉक्सच्या दुकानात नंबरवर पाठवण्यापेक्षा पेन ड्राइव्ह न्यावा किंवा आपल्यासमोर छापून आपल्यासमोरच पुसायला लावावं. दुकानदाराला राग येईल म्हणून आपण गप्प बसतो. चांगल्या दुकानदाराला राग येत नाही, त्यालाही पोलिसांच्या चौकशीत आपला फोन जमा करायची हौस नसते.

ज्यांच्याकडे गठ्ठा आहे त्या विश्वस्तांवरही आता जबाबदारी येते आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधनं टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. लोकांची आधार-पॅन फोनमध्ये गोळा करणारा मशिदीचा ट्रस्ट यातून सहज सुटेल असं आम्हाला वाटत नाही. नोंदणीचं काम झालं असेल तर ग्रुपमधली ओळखपत्रं आजच पुसावीत. फोनच्या गॅलरीत आणि गूगल फोटोमध्ये त्यांची आपोआप गेलेली प्रत राहते, तीही.

शेवटचा एक प्रकार राहिला, आणि तो सगळ्यात महागात पडणारा आहे: स्वतःचाच कागद 'दुरुस्त' करून घेणं. आधारवर 'शेख', शाळेच्या दाखल्यावर 'शैख', रेशनकार्डावर नुसतंच नाव. उर्दूतून मराठीत, मराठीतून इंग्रजीत येताना आपल्या नावांचे जे हाल होतात ते आपल्याला पाठ आहेत. मग एखादा एजंट सांगतो, पाचशे द्या, फाईलमध्येच नीट करून देतो. जानेवारी २०२५ मध्ये मालेगाव आणि अमरावतीतल्या उशिरा नोंदलेल्या जन्मदाखल्यांची चौकशी करायला राज्य सरकारने विशेष पथक नेमलं. अर्जांना जोडलेले कागद बनावट असल्याचे आरोप झाले, गुन्हे नोंदले गेले. त्यात किती खरं, किती राजकारण, यावर मतं वेगळी असतील. पण ज्याच्या फाईलमध्ये एक बदललेलं पान सापडलं त्याच्या बाजूने बोलणं वकिलालाही जड जातं, माणूस इथलाच असला, त्याच्या पणजोबाची कबर इथे असली, तरीही. नाव वेगळं पडलंय ना, मग राजपत्रात प्रसिद्धी, प्रतिज्ञापत्र, शाळेतून किंवा ग्रामपंचायतीतून रीतसर दुरुस्ती, हा लांबचा रस्ता आहे. एडवणहून सफाळे, सफाळ्याहून पालघर, तिथून कोळगाव, अशा चार खेपा होतील. एजंटचे पाचशे वाचतील आणि कोर्टात पान उलटताना हात थरथरणार नाही.

'उम्मीद'वर नाकारल्या गेलेल्या त्या ११ हजारांत आणि रांगेत राहिलेल्या दोन लाखांत आपल्या भागातल्या मालमत्ता किती, हे ज्या त्या जमातीने स्वतःच्या लॉगिनमधून बघून घ्यावं. ज्यांना १७ आकडी क्रमांक मिळाला आहे त्यांनी तो ठरावाच्या बुकात उतरवावा आणि काय-काय चढवलं होतं त्याची प्रत शेजारी लावावी. ज्यांना त्रुटी काढून परत पाठवलं आहे, किंवा ज्यांना न्यायाधिकरणापुढे उभं राहायचं आहे, त्यांना हेच कागद पुन्हा द्यावे लागतील. तेव्हा ग्रुपमध्ये वर सरकवत जाऊन जी पहिली सापडेल ती दाबलेली, पुसट, तिरकी फाईल परत चढणार आहे, की मूळ कागद नव्याने स्कॅन होणार आहे? स्कॅनर बोईसरला आहे, पालघरला आहे. मूळ कागद कुणाच्या कपाटात आहे, त्याची चौकशी या आठवड्यातच करायला घ्यावी.